शिपाई आणि खेळाडू : कर्नल हेमू अधिकारी



प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शिपाई आणि स्पर्धेत उतरणारा खेळाडू हे दोघे अगदी शेजारी उभे केले आहेत. शिपायाने संसाराच्या इतर व्यापांत गुंतू नये आणि खेळाडूने नियमाप्रमाणे खेळल्यावाचून मुगुटाची अपेक्षा धरू नये, असा त्या वचनांचा आशय आहे. भाषांतराच्या कामात या ओळींशी गाठ पडते, तेव्हा एक प्रश्न मनात येतो. ही दोन्ही कर्तव्ये एकाच मनुष्याच्या वाट्याला आली तर त्याने काय करावे? शिपायाने गुंतू नये, तर मग त्याने खेळावे कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले अशा एका मराठी माणसाचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहे.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म 31 जुलै 1919 रोजी पुण्यात झाला. घरी व पुढे जगभर ते हेमू या नावानेच ओळखले गेले. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, 1936-37 च्या हंगामात, ते गुजरातकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले आणि त्यानंतर बडोद्याच्या संघात आले. त्या संघात सांगलीचे विजय सॅम्युएल हजारे होते. मराठी ख्रिस्ती घरातून येऊन भारताचे कर्णधारपद भूषविणाऱ्या हजारे यांची ओळख आपणांस करून देण्याची गरज नाही. अधिकारी आणि हजारे यांची जोडी पुढे देशासाठीही उभी राहिली.

पण मध्ये महायुद्ध आले. 1936 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर 1946 पर्यंत भारताला एकही कसोटी सामना खेळता आला नाही. खेळाडूच्या अंगात रग असते तीच वर्षे अशी निघून गेली. त्यातच अधिकारी यांनी लष्कराची सेवा पत्करली. आडनाव अधिकारी आणि हुद्दाही अधिकाऱ्याचा, असा योग जुळला खरा. परंतु आपला वेळ आता आपला राहणार नाही, हे त्या गणवेशाबरोबर त्यांना स्वीकारावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर ते पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा 1947 साल संपत आले होते आणि त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

त्या दौऱ्यात डॉन ब्रॅडमन यांच्या संघापुढे आपला संघ पुरता नामोहरम झाला. जानेवारी 1948 मध्ये अ‍ॅडलेड येथे दुसऱ्या डावात आपले सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. त्या पडझडीत दोघेच टिकले. हजारे यांनी सामन्यातील आपले दुसरे शतक पूर्ण केले आणि दुसऱ्या टोकाला अधिकारी यांनी 51 धावा काढून त्यांना साथ दिली. सामना हरला, तरी या दोघांनी ठाणे सोडले नाही.

वाचकहो, अधिकारी यांच्या खेळातील हा गुण आपण ध्यानात घ्यावा. इतर सर्व कोसळत असता आपल्या जागी उभे राहणे, हे त्यांच्या फलंदाजीचे लक्षण होते. नोव्हेंबर 1948 मध्ये दिल्लीस वेस्ट इंडीजने 631 धावांचा डोंगर रचला. उत्तरादाखल भारताने 454 धावा केल्या, त्यांत अधिकारी यांचे नाबाद 114 होते. फॉलोऑन टळला नाही, परंतु सामना मात्र वाचला. कसोटीतील त्यांचे हे एकमेव शतक होय.

चार वर्षांनी त्याच मैदानावर त्यांच्या हातून याहून मोलाची कामगिरी झाली. ऑक्टोबर 1952 मध्ये भारत आणि पाकिस्तान प्रथमच कसोटी सामन्यात समोरासमोर आले. भारताचे नऊ गडी बाद झाल्यावर अकराव्या क्रमांकाचे गुलाम अहमद खेळावयास आले. अधिकारी यांनी त्यांना सांभाळून घेत शेवटच्या गड्यासाठी 109 धावांची भागीदारी केली. गुलाम अहमद यांनी 50 धावा काढल्या, तर अधिकारी 81 वर नाबाद राहिले. भारताने तो सामना एक डाव व 70 धावांनी जिंकला. शेवटच्या जोडीचा हा भारतीय विक्रम पुढे बावन्न वर्षे, 2004 पर्यंत, अबाधित राहिला.

त्यानंतर आठवड्याभरातच दुसरा सामना लखनौस झाला. आपणांपैकी कोणी लखनौस गेला असाल, तर अमीनाबादच्या गजबजलेल्या बाजारातून आपण फिरला असाल. तेथून गोमतीच्या पलीकडे गेले की विद्यापीठ लागते. त्या विद्यापीठाच्या मैदानावर तागाची चटई अंथरून हा सामना खेळला गेला. भारतीय संघात या वेळी हजारे नव्हते, विनू मंकड नव्हते आणि अधिकारीही नव्हते. फझल महमूद यांनी बारा बळी घेतले आणि भारत एक डाव व 43 धावांनी पराभूत झाला. माणसाचे मोल त्याच्या उपस्थितीत जितके कळते, तितकेच त्याच्या अनुपस्थितीतही कळते. लखनौकरांनी ते त्या चार दिवसांत पाहिले.

अधिकारी यांच्या कारकिर्दीत अशी अनुपस्थिती वारंवार आढळते. बारा वर्षांच्या काळात ते केवळ एकवीस कसोटी सामने खेळले व त्यांत त्यांनी 872 धावा केल्या. महायुद्धाने आधीची वर्षे नेली आणि लष्करी सेवेच्या बंधनांमुळे नंतरच्या काळातही खेळाला मर्यादा पडल्या. मात्र त्याच सेवेने त्यांना एक निराळे क्षेत्रही दिले. ते सेनादलाच्या संघाचे कर्णधार झाले. नामांकित खेळाडूंचा भरणा नसलेला हा संघ त्यांच्या नेतृत्वाखाली 1956-57 आणि 1957-58 अशी सलग दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. पहिल्या वर्षी मुंबईने आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्याच जुन्या बडोदा संघाने त्यास हरविले. करंडक मिळाला नाही. पण शिस्त, चापल्य व एकजूट यांच्या बळावर सामान्य माणसेही कोठवर जाऊ शकतात, हे दिसून आले.

फेब्रुवारी 1959 मध्ये देशाला त्यांची पुन्हा आठवण झाली. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या मालिकेत कर्णधारपदाचा पुरता खेळखंडोबा झाला होता. उम्रीगर, गुलाम अहमद आणि मंकड असे तीन कर्णधार चार सामन्यांत होऊन गेले होते व मालिका हातची गेली होती. पाचव्या सामन्यासाठी चौथे कर्णधार म्हणून अधिकारी यांना पाचारण करण्यात आले. वय एकोणचाळीस, आणि मालिकेतील आधीच्या सामन्यांत संघात स्थानही नव्हते. अशा वेळी मानापमानाचा हिशेब मांडणे सोपे होते. त्यांनी दिल्लीस येऊन 63 आणि 40 धावा केल्या व आपल्या लेगस्पिनवर तीन बळी घेतले. त्यांच्या कसोटी जीवनातील बळी एवढेच. सामना अनिर्णित राहिला. कर्णधार म्हणून त्यांचा हा पहिला सामना होता आणि खेळाडू म्हणून शेवटचा.

येथे कथा संपली असती, तर ती हुकलेल्या संधींची कथा ठरली असती. परंतु शिपाईगिरीने त्यांना जे शिकविले ते आता खेळाच्या कामी आले. नवोदित खेळाडूंना घडविताना त्यांनी क्षेत्ररक्षण आणि शारीरिक तयारी यांवर कटाक्षाने भर दिला. 1971 मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाबरोबर ते व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले. 24 ऑगस्ट 1971 रोजी ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय व त्याबरोबर मालिकाही जिंकली. चंद्रशेखर यांनी 38 धावांत सहा बळी घेतले खरे. परंतु फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहून झेपावणारे एकनाथ सोलकर यांच्यासारखे क्षेत्ररक्षक नसते, तर त्या गोलंदाजीला फळ आले असते काय?

यशाबरोबर अपयशही त्यांच्या वाट्यास आले. 1974 च्या दौऱ्यावर तेच व्यवस्थापक असताना भारत तिन्ही सामने हरला आणि लॉर्ड्सवर अवघ्या 42 धावांत बाद झाला. जयाचे श्रेय देताना हा पराजय झाकून ठेवणे योग्य नव्हे. 25 ऑक्टोबर 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वाचकहो, आरंभीच्या प्रश्नाकडे वळू या. पौल गुंतू नये म्हणतो, तेव्हा दुसरे काहीच करू नये असे तो म्हणत नाही. ज्याने आपणास भरती केले त्याच्या आज्ञेआड दुसरे काही येऊ देऊ नये, एवढाच त्याचा आग्रह आहे. अधिकारी यांनी दोन्ही कर्तव्ये सारखी तोलली नाहीत. त्यांनी एकास पहिले स्थान दिले आणि दुसऱ्याच्या वाट्यास जो वेळ आला त्यात जीव ओतला. त्याची किंमत त्यांनी धावांत व सामन्यांत मोजली. आपणही नोकरी, घर आणि मंडळीची सेवा यांत ओढले जातो आणि सर्वांस समान न्याय देता येत नाही म्हणून खंत करतो. अशा वेळी पहिले कोणते हे एकदा ठरवावे, आणि उरलेल्याला मिळेल तेवढ्या वेळात आपल्या जागी नाबाद उभे राहावे.