राजधानीचा वास्तुशिल्पी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी वॉशिंग्टन. या शहरात तांबड्या विटांची एक भव्य जुनी इमारत आहे. तिच्या खिडक्या उंच व कमानदार असून माथ्यावर मनोरे आहेत. परक्या माणसाला वाटावे की, हा एखाद्या सरदाराचा वाडा असेल. पण ती बांधली गेली ती सामान्य लोकांच्या मुलांची शाळा म्हणून. फ्रँकलिन शाळा हे तिचे नाव. ती इ. स. १८६९ मध्ये बांधून पुरी झाली. गरीब घरच्या मुलांनाही शिकण्यासाठी उत्तम जागा मिळाली पाहिजे, असे मानणाऱ्या एका वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा काढला होता. त्याचे नाव ॲडॉल्फ क्लुस. तो जन्माने अमेरिकन नव्हता. दूरच्या जर्मनीतून तो या देशात आला होता.

ॲडॉल्फचा जन्म १४ जुलै १८२५ रोजी हाइलब्रॉन या गावी झाला. नेकार नदीच्या काठी वसलेले हे गाव द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. ॲडॉल्फचे वडील बांधकामाच्या धंद्यातले जाणते कारागीर होते. त्यामुळे विटा, चुना, दगड आणि लाकूड यांची ओळख त्याला लहानपणीच झाली. भिंत ओळंब्यात कशी धरावी, तुळईवर भार किती घालावा, या गोष्टी तो घरीच पाहत होता. वयात आल्यावर त्याने गाव सोडले आणि कामाच्या शोधात तो निरनिराळ्या शहरांतून हिंडला. पुढे माइन्त्स शहरात त्याला रेल्वेच्या बांधकामावर नोकरी मिळाली.

त्या काळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. त्या प्रदेशात अनेक लहानमोठी राज्ये होती व बहुतेक ठिकाणी राजांची सत्ता चाले. सामान्य माणसाला राज्यकारभारात आवाज नव्हता. कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांचे हाल तर विचारूच नयेत. ही स्थिती पाहून तरुण ॲडॉल्फचे मन अस्वस्थ होई. कार्ल मार्क्स या विचारवंताशी त्याचा परिचय झाला आणि मजुरांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींत तो सामील झाला. माइन्त्समध्ये कामगारांच्या शिक्षणासाठी एक मंडळ निघाले, त्याच्या कार्यातही त्याने पुढाकार घेतला. इ. स. १८४८ च्या वसंतात जर्मनीतील राज्याराज्यांत लोकांनी उठाव केले. पण लोकांची आशा फळाला येण्याची चिन्हे दिसेनात. त्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲडॉल्फने मायदेशाचा निरोप घेतला आणि समुद्र ओलांडून तो न्यूयॉर्कला पोहोचला.

पुढच्या वर्षी क्लुस वॉशिंग्टनला आले. राजधानी म्हणून या शहराची आखणी मोठी डौलदार होती. रस्ते रुंद होते, चौक ऐसपैस होते. पण ते बरेचसे कागदावरच! शहराची वस्ती जेमतेम चाळीस हजार होती. उन्हाळ्यात रस्त्यांवर धुळीचे लोट उठत आणि पावसाळ्यात चिखलात गाड्यांची चाके रुतून बसत. शहराच्या मधून एक कालवा जात असे. त्यात सांडपाणी साचून दुर्गंधी सुटे.

नव्या देशात क्लुस यांना पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली. समुद्रकिनाऱ्याची मोजणी करणाऱ्या सरकारी खात्यात त्यांनी प्रथम काम केले. नंतर ते आरमाराच्या गोदीत आणि त्यापुढे अर्थखात्याच्या बांधकाम कचेरीत काम करू लागले. दिवसा ते नकाशे काढीत. फावल्या वेळात मार्क्स यांना पत्रे लिहीत आणि वर्तमानपत्रांसाठी लेख तयार करीत. हळूहळू हा पत्रव्यवहार थांबला. क्लुस अमेरिकेचे नागरिक झाले. इ. स. १८५९ मध्ये बाल्टिमोर येथील रोझा श्मिट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तरुणपणची चळवळ मागे पडली. परंतु सामान्य माणसाचे जीवन सुधारले पाहिजे ही तळमळ त्यांच्या मनातून गेली नाही. आता तिला त्यांच्या हातच्या विद्येची जोड मिळाली.

इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. युद्ध चालू असतानाच क्लुस यांनी एका जर्मन सोबत्याच्या भागीदारीत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. राजधानीत सैनिक आले, नोकरदार आले आणि गुलामगिरीतून सुटलेले हजारो निग्रो बांधवही आले. इ. स. १८७० पर्यंत शहराची वस्ती लाखावर गेली. इतक्या लोकांच्या मुलांनी शिकावे कोठे? तोपर्यंत वॉशिंग्टनच्या सार्वजनिक शाळा भाड्याच्या खोल्यांत, जुन्या पडव्यांत नाहीतर चर्चच्या तळघरांत भरत. तेथे उजेड पुरेसा नसे आणि हवाही खेळत नसे. ज्याच्याजवळ पैसा असे, तो आपल्या मुलाला खाजगी शाळेत घाली. सार्वजनिक शाळा म्हणजे गरिबांची शाळा, अशीच लोकांची समजूत होती.

ही समजूत मोडून काढण्याचे काम क्लुस यांच्या इमारतींनी केले. इ. स. १८६४ मध्ये त्यांनी आखलेली वॉलक शाळा उभी राहिली. तिच्यामागून फ्रँकलिन शाळा आली. या शाळेचा आराखडा काढताना त्यांनी मुलांच्या गरजांचा बारकाईने विचार केला. वर्गांत भरपूर उजेड यावा म्हणून मोठमोठ्या खिडक्या ठेवल्या. कोंदट हवा बाहेर जावी आणि ताजी हवा आत यावी, अशी योजना केली. मुलांना आपले कोट व टोप्या ठेवता याव्यात म्हणून वर्गांलगत वेगळ्या खोल्या दिल्या. वरच्या मजल्यावर सभांसाठी प्रशस्त दिवाणखाना बांधला. इ. स. १८७३ मध्ये व्हिएन्ना येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे वॉशिंग्टनच्या या शाळांच्या योजनेला पदक मिळाले. तेवीस वर्षांचा जो तरुण रिकाम्या हातांनी युरोप सोडून गेला होता, त्याच्या कामाचा युरोपातच असा गौरव झाला.

याच सुमारास क्लुस यांनी आणखी एक महत्त्वाची शाळा बांधली. वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी इ. स. १८६२ मध्ये कायद्याने बंद झाली होती. परंतु काळ्या मुलांना गोऱ्या मुलांबरोबर बसू देत नसत. त्यांच्या शाळा वेगळ्या असत. हा अन्याय तेथे पुढे इ. स. १९५४ पर्यंत चालू राहिला. इ. स. १८७२ मध्ये काळ्या मुलांसाठी समनर शाळा बांधण्यात आली. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे सिनेटर चार्ल्स समनर यांचे नाव तिला देण्यात आले. वेगळी शाळा म्हणून क्लुस यांनी तिच्या कामात कसूर केली नाही. तशाच तांबड्या विटा, तशाच कमानदार खिडक्या, तसाच उजेड आणि तसाच उंच मनोरा! ज्यांच्या आईबापांना अक्षर शिकण्याची संधी मिळाली नव्हती, ती मुले आता शहरातील एका उत्तम इमारतीत धडे गिरवू लागली. मुलांमुलांत भेद करणारा कायदा बदलणे वास्तुशिल्पकाराच्या हाती नव्हते. पण जे त्याच्या हाती होते, त्यात त्याने भेद केला नाही.

इ. स. १८७१ मध्ये राजधानीच्या सुधारणेसाठी सार्वजनिक बांधकाम मंडळ स्थापन झाले. क्लुस प्रथम या मंडळाकडे इमारतींचे तपासनीस होते. पुढे इ. स. १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना मंडळाचे सभासद व अभियंते म्हणून नेमले. मंडळाचे सर्व सूत्रचालन अलेक्झांडर शेफर्ड यांच्याकडे होते. शेफर्ड मोठे धडाडीचे गृहस्थ होते. त्यांच्या अमदानीत मैलोगणती रस्ते बांधले गेले, दिवे लागले, गटारे खोदली गेली आणि हजारो झाडे लावली गेली. तो दुर्गंधीचा कालवा बुजवण्यात आला व सांडपाणी जमिनीखालच्या बांधीव गटारातून जाऊ लागले. चिखलात बुडालेल्या गावाचे दोन-तीन वर्षांत शहर झाले.

परंतु या धडाडीला हिशेबाचा लगाम नव्हता. मंडळाच्या सभा रीतसर होत नसत. कित्येक निर्णय शेफर्ड एकटेच घेत. लाकडी ठोकळ्यांचे जे रस्ते घाईघाईने केले, ते थोड्याच वर्षांत कुजले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि कर्जाने कायद्याची एक कोटी डॉलर्सची मर्यादाही ओलांडली. त्यातच इ. स. १८७३ मध्ये देशावर मोठे आर्थिक संकट कोसळले आणि मजुरांना व कंत्राटदारांना पैसे देणे मंडळाला कठीण होऊन बसले. लोकांनी गाऱ्हाणी मांडली. अखेर इ. स. १८७४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, चौकशी समिती नेमली.

समितीपुढे क्लुस यांची साक्ष निघाली. त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. मौन धरावे, तर अधिकार टिकेल आणि बलवान मित्रांची मर्जीही राहील. खरे सांगावे, तर ही सर्व माणसे शत्रू होतील. शिवाय ते स्वतःही मंडळाचे सभासद असल्यामुळे त्या कारभाराच्या जबाबदारीतून त्यांची सुटका नव्हती. क्लुस यांनी सत्य सांगण्याचा मार्ग पत्करला. मंडळाचा कारभार कसा मनमानीने चाले आणि कामांच्या मोजमापांत व हिशेबांत कसा ढिलेपणा होता, हे त्यांनी समितीपुढे उघड केले. परिणाम व्हायचा तोच झाला. क्लुस यांचे पद गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत काँग्रेसने ते मंडळ व शहराची ती राज्यव्यवस्थाही मोडून टाकली. शेफर्ड यांनी शहराचे रूप पालटले, हे खरेच आहे. पण लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना दिला पाहिजे, हेही तितकेच खरे आहे. क्लुस यांच्या साक्षीने ही दुसरी बाजू जगापुढे आली.

पद गेले, तरी विद्या गेली नव्हती. क्लुस पुन्हा आपल्या आराखड्यांकडे वळले. इ. स. १८७७ मध्ये सरकारच्या पेटंट कचेरीला भयंकर आग लागली. तिचा जळालेला भाग पुन्हा उभारण्याचे काम क्लुस व त्यांचे नवे भागीदार पॉल शुल्त्झे यांच्याकडे आले. पुन्हा आगीचे भय राहू नये, अशा रीतीने त्यांनी ते केले. त्यानंतर त्यांनी स्मिथसोनियन संस्थेसाठी राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाची इमारत बांधली. इ. स. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन झाले होते व त्यातील असंख्य वस्तू संस्थेला मिळाल्या होत्या. त्या ठेवायला जागा नव्हती. क्लुस यांनी मध्यभागी घुमट, चारी दिशांना उंच दालने आणि छतातून खाली उतरणारा उजेड, अशी सुटसुटीत रचना केली. दोन वर्षांत, फार थोड्या खर्चात, इ. स. १८८१ मध्ये ती इमारत पुरी झाली. इमारत बांधून होताच राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अधिकारग्रहणाचा समारंभी मेळावा तेथेच भरला. जनतेच्या पैशाचे मोल जाणणाऱ्या माणसाने भव्य इमारतही काटकसरीने बांधता येते, हे दाखवून दिले.

क्लुस यांनी शाळा बांधल्या, चर्च बांधली, घरे बांधली आणि भाजीपाल्याच्या मंडयाही बांधल्या. इ. स. १८७३ मध्ये त्यांनी बांधलेल्या ईस्टर्न मार्केट या मंडईला इ. स. २००७ मध्ये आग लागली.  ती दुरुस्त होऊन इ. स. २००९ मध्ये पुन्हा उघडली आणि तेथे पूर्वीप्रमाणे बाजार भरू लागला.

२४ जुलै १९०५ रोजी वॉशिंग्टन येथे क्लुस यांचे देहावसान झाले. काळ बदलला. तांबड्या विटांची आवड मागे पडली आणि पांढऱ्या दगडांच्या इमारती लोकांना प्रिय झाल्या. क्लुस यांच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या आणि त्यांचे नावही लोक विसरले. परंतु ज्या इमारती उरल्या, त्यांनी आपल्या कर्त्याची आठवण राखली. फ्रँकलिन शाळेच्या गच्चीवरूनच इ. स. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या सहकाऱ्याने प्रकाशाच्या किरणावरून आवाज पाठवण्याचा प्रयोग केला होता. त्या शाळेत इ. स. २०२० मध्ये भाषा व शब्द यांचे संग्रहालय उघडले. समनर शाळेतही वस्तुसंग्रहालय झाले असून तेथे वॉशिंग्टनच्या सार्वजनिक शाळांची जुनी कागदपत्रे जपून ठेवली आहेत. इ. स. २००५ मध्ये, क्लुस यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, वॉशिंग्टन व हाइलब्रॉन या दोन्ही शहरांनी त्यांच्या कार्याचे प्रदर्शन भरवले. एका गावाने त्यांना जन्म दिला होता. दुसऱ्या गावाला त्यांनी रूप दिले होते.

तरुणपणी क्लुस यांना सर्वांना समान लेखणारा समाज निर्माण करायचा होता. तो समाज त्यांना पाहायला मिळाला नाही. पण त्यांनी हातपाय गाळले नाहीत. आपल्याला जी विद्या येते, तिच्याने या ध्येयाकडे जेवढे जाता येईल तेवढे ते गेले. ज्या वर्गात ऊन आणि वारा सर्व मुलांना सारखाच मिळतो, तो वर्ग बांधणे हेही समतेचेच काम आहे. आणि भिंत ओळंब्यात असावी, तसा सार्वजनिक कामाचा हिशेबही सरळ असावा, हे त्यांनी स्वतःचे नुकसान सोसून दाखवले. परक्या देशातून आलेला हा बांधकाम करणारा माणूस आपल्या नव्या शहराचा असा खरा नागरिक ठरला.