राजा दीनदयाळ आणि बिननावाचे चेहरे

मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसलो की मला हमखास राजा दीनदयाळ आठवतात. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्याच दिवसांत, १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, दीनदयाळांच्या स्टुडिओचा कॅमेरा आमच्या औरंगाबाद भागात फिरत होता.

माणूस मुळात आराखडे काढणारा. १८४४ साली मेरठजवळ सरधना येथे जैन कुटुंबात जन्म, रुरकीच्या कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण, मग इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी. फोटोग्राफी हा फावल्या वेळचा नाद. बँकेच्या खातेवह्यांआड कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला अशा माणसांविषयी अंमळ जास्तच जिव्हाळा! इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पाठबळ दिले. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी दरबारी छायाचित्रकार नेमले, 'राजा' केले. सिकंदराबाद, मुंबई येथे स्टुडिओ निघाले. १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढून तो त्यांनी एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. कोणाच्या चेहऱ्यावर कोणाची नजर पडावी, याची इतकी जाण!

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या फोटोंचा गौरव झाला. त्याच प्रदर्शनात डाहोमी, जावा अशा दूरदेशीची जिवंत माणसे झोपड्यांसकट मांडून तिकीट लावले होते.

आणि दुष्काळाचे फोटो? मद्रासकडे १८७६-७८ च्या दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे गट बसवून फोटो काढले होते, टीकाही ओढवून घेतली होती. दीनदयाळांच्या स्टुडिओचे फोटो मदतकार्याची नोंद म्हणून निघाले. संस्थानिकाच्या फोटोखाली किताबांसकट नाव असते. इथे माणसे फक्त दुष्काळग्रस्त. ती माझ्याच मुलखातली, कदाचित कोणाच्या पणज्या-पणजोबा.

तरी दीनदयाळांना बोल लावताना जीभ अडखळते. ऐंशीच्या दशकात म्हशीसाठी कर्ज दिले की फाइलला कर्जदाराचा म्हशीसह फोटो लावावा लागे. एका दुष्काळी वर्षी एका आजीबाईंनी पदर नीट करायला क्षणभर थांबा म्हटले. मी उन्हाने वैतागलेलो; फोटोवाल्याला म्हणालो, उरक. फोटोत आजींचा चेहरा हलला. म्हशीच्या कानातला विम्याचा बिल्ला मात्र स्वच्छ आला होता, आणि तपासनिसाने तेवढाच पाहिला.

दीनदयाळ १९०५ साली वारले.