भारतीय सागरविज्ञानाचे शिल्पकार : डॉ. एन. के. पणिक्कर

ग्वाल्हेरच्या मराठी समाजाला समुद्र परका नाही. पण तो दूर आहे. येथील कित्येक घराण्यांची मूळ गावे कोकणपट्टीतली असली, तरी हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीत वाढलेल्या पिढ्यांनी समुद्र पाहिला तो सुट्टीत आणि ओळखला तो पुस्तकांतून. तथापि आषाढात किल्ल्यावर जे ढग दाटतात, ते समुद्राचेच देणे असते. येथे पडलेले पाणीही सिंध आणि चंबळ या नद्यांच्या वाटेने यमुनेत, तेथून गंगेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात परत जाते. ज्या महासागराशी आपले अन्नपाणी असे जखडलेले आहे, त्याविषयी स्वतंत्र झालेल्या भारताजवळ स्वतः मिळविलेले ज्ञान अत्यल्प होते. ती उणीव दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत डॉ. एन. केशव पणिक्कर यांचे नाव अग्रभागी आहे. ते मराठी नव्हते. परंतु त्यांच्या कार्याचे सर्वांत ठळक स्मारक गोव्याच्या भूमीवर उभे आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीग्रंथात त्यांचे स्मरण करण्यास आणखीही एक औचित्य आहे. जमविलेली सामग्री आपल्या घरी राहावी, ती नीट लावली जावी आणि जाणकारांना खुली असावी, हाच त्यांच्या कार्याचा गाभा होता.

पणिक्करांचा जन्म १९१३ साली केरळात झाला. खाड्या, कालवे आणि खारी शेते यांच्या त्या प्रदेशात गोडे पाणी कोठे संपते आणि खारे कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. त्यांच्या संशोधनाचा पहिला विषयही नेमका हाच होता. मद्रास विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत प्रा. आर. गोपाल अय्यर यांच्यासमवेत त्यांनी मद्रासच्या निमखाऱ्या पाण्यातील जीवसृष्टीची पाहणी केली. ती १९३७ साली प्रसिद्ध झाली. पावसाळ्यात जवळजवळ गोडे आणि उन्हाळ्यात अतिशय खारे होणाऱ्या त्या पाण्यात प्राणी तग धरतात तरी कसे, या प्रश्नाने त्यांना पुढे इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत नेले.

प्लिमथला त्यांनी कोळंबीच्या रक्ताचा अभ्यास केला. समुद्रातील बहुतेक कवचधारी प्राण्यांच्या रक्ताची क्षारता भोवतालच्या पाण्याइतकीच असते, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. पणिक्करांना असे आढळले की, काही जातींच्या कोळंब्या समुद्रात असतानाही आपले रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारे राखतात आणि पाणी गोडसर झाले की त्याहून अधिक खारे राखतात. म्हणजे बाहेर पाणी कसेही बदलो, त्या आतला तोल सांभाळतात. १९४० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी आणखी एक महत्त्वाचा विचार मांडला : हा तोल सांभाळण्यास उबदार पाणी साहाय्यक ठरते आणि म्हणूनच उष्ण कटिबंधातील खाड्यांत समुद्री प्राण्यांची एवढी विविधता आढळते. कोकणातील वा केरळातील खाडीत कोळंबीची पिल्ले समुद्रातून येऊन वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्राकडे वळतात. हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतेच. त्यामागील शरीरव्यापाराचा उलगडा करण्यात पणिक्करांच्या या अभ्यासाचा वाटा मोठा आहे.

एवढ्या बळावर त्यांना प्रयोगशाळेतच नामवंत होता आले असते. देशाची गरज मात्र निराळी होती. १९४७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी काही महिने, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन केंद्राची स्थापना झाली आणि १९४९ साली ते रामेश्वरमजवळील मंडपम येथे हलविण्यात आले. १९५० च्या सुमारास त्याची धुरा पणिक्करांकडे आली व १९५७ पर्यंत ती त्यांनी सांभाळली. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची शास्त्रशुद्ध मोजदाद, तारली आणि बांगडा यांच्या येण्याजाण्याचा अभ्यास, किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि त्यातील सूक्ष्म जीव यांच्या नोंदी, अशी कामे तेथून चालत. कारवारच्या किनाऱ्यावरील बांगड्याचा अभ्यास हा या केंद्राच्या कामाचाच एक भाग होता. मुंबईत प्रा. डी. व्ही. बाळ आणि त्यांचे सहकारी यांनी त्याआधीच बंदरातील प्लवकांची पाहणी आरंभिली होती. पाण्याबरोबर वाहत राहणारे सूक्ष्म वनस्पती व प्राणी म्हणजे प्लवक. त्यांतील वनस्पती हे समुद्राचे कुरण, प्राणी हे त्या कुरणावर चरणारे कळप, आणि तारली-बांगडा हे या दोहोंवर पोसणारे. मासळी का आली वा का आली नाही, याचे उत्तर केवळ जाळ्यात सापडत नाही, ते पाण्यात शोधावे लागते. मंडपमच्या कामामागील दृष्टी हीच होती.

१९५७ साली ते केंद्र सरकारचे मत्स्यविकास सल्लागार झाले. मुंबईत वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६१ साली निघाली, ती याच कालखंडात. परंतु त्यांच्या जीवनातील निर्णायक पर्व त्यानंतर सुरू झाले.

हिंदी महासागर हा तोवर महासागरांतील सर्वांत उपेक्षित होता. ‘चॅलेंजर’ या जहाजाची १८७२ ते १८७६ ची विख्यात सफर त्याच्या दक्षिण भागातून गेली. अरबी समुद्रात ते जहाज आलेच नाही. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्राचा कसून शोध घेतला. सेवेल हे त्यापूर्वी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. त्या मोहिमेची संपत्ती गेली ती लंडनला. आपल्या दारातील समुद्राचा अभ्यास करायचा तर परदेशी संग्रहालयाचे दार ठोठवावे, अशी ती स्थिती होती.

१९६० ते १९६५ या वर्षांत पार पडलेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने हे चित्र पालटले. अनेक राष्ट्रांची मिळून सुमारे चाळीस जहाजे तीत सहभागी झाली. भारतात भूशास्त्रज्ञ दा. नो. वाडिया यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती नेमण्यात आली आणि १९६२ साली भारतीय कार्यक्रमाचे संचालकपद पणिक्करांकडे आले. साधने तुटपुंजी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली ‘किस्तना’ ही नौदलाची युद्धनौका संशोधनासाठी सज्ज करण्यात आली. तिच्या जोडीला केरळ विद्यापीठाची ‘कोंच’, भारत-नॉर्वे प्रकल्पाची ‘वरुणा’ आणि ‘बांगडा’ नावाची मच्छीमारी नौका होती. मुंबईला कुलाब्यात मोसमी वाऱ्यांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले. अमेरिकेचे ‘अँटन ब्रून’ हे जहाज १९६३ साली मुंबईहूनच आपल्या सफरींना निघाले. एके काळी ते अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे विहारजहाज होते.

जहाजावरील संशोधन म्हणजे काय, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. ठरलेल्या ठिकाणी जहाज थांबते. पोलादी तारेवर ठरावीक अंतराने धातूच्या बाटल्या बांधून त्या खोल सोडल्या जातात. मग तारेवरून एक वजन घसरत जाते आणि त्याच्या धक्क्याने एकेक बाटली उलटून त्या त्या खोलीचे पाणी आपल्यात बंद करते. सोबतचा तापमापक तेथील उष्णता नोंदवितो. वर आलेल्या पाण्यातील प्राणवायू, फॉस्फेट, नायट्रेट आणि सिलिकेट मोजतात. कारण शेताला जसे खत, तशी समुद्रातील वनस्पतींना ही पोषक द्रव्ये. तापमान आणि क्षारता यांवरून पाण्याची घनता व घनतेवरून प्रवाहांची दिशा काढतात. प्लवकांसाठी बारीक विणीचे निमुळते जाळे दोनशे मीटरपर्यंत सोडून सरळ वर ओढतात. या मोहिमेसाठी सर्व जहाजांना एकाच मापाचे जाळे ठरविण्यात आले होते : तोंडाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर, वीण सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर. माप एक नसेल, तर एका जहाजाच्या नोंदीची दुसऱ्याच्या नोंदीशी तुलना करता येत नाही.

जाळ्यांतून आलेले हजारो नमुने जाणार कोठे, हा खरा प्रश्न होता. अशा वर्गीकरणाची सोय अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेत नव्याने होत होती. नमुने तिकडे पाठविणे सोयीचे ठरले असते. ते भारतात राहावेत आणि त्यांचे वर्गीकरण येथेच व्हावे, यासाठी पणिक्करांनी पुढाकार घेतला. युनेस्कोच्या साहाय्याने १९६३ साली कोचीनला हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्र सुरू झाले आणि निरनिराळ्या देशांच्या जहाजांनी प्रमाणित जाळ्याने गोळा केलेले नमुने तेथे येऊ लागले. ज्या देशाजवळ स्वतःचे नावाजण्याजोगे संशोधन-जहाज नव्हते, त्याच्या हाती महासागराचा संग्रह सोपविला गेला, ही घटना लहान नव्हे.

त्या केंद्रातील काम ग्रंथपालाच्या कामाहून फारसे वेगळे नव्हते. बरणी आली की तिची नोंद, स्थळ, काळ व खोली; मग प्लवकांचे आकारमान मोजणे; मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव उचलून त्याच्या गटात ठेवणे; मग त्या गटाच्या जाणकाराकडे, तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, ती सामग्री पोहोचविणे. तरुण भारतीय शास्त्रज्ञ परदेशी तज्ज्ञांच्या सहवासात या कामात तयार झाले. १९६८ पासून पणिक्करांच्या संपादनाखाली या मोहिमेचे प्लवक-नकाशासंग्रह प्रसिद्ध होऊ लागले. महासागराच्या कोणत्या भागात जीवन दाट आहे आणि कोठे विरळ, याचे चित्र प्रथमच नकाशावर उमटले.

त्या चित्राचा अर्थ लावण्याचे कामही त्यांनी केले. आर. जयरामन यांच्यासमवेत १९६६ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांची तुलना केली. उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी येऊन वर पसरते. हा हलका थर खालच्या पाण्यावर झाकणासारखा बसतो आणि खोल पाण्यातील पोषक द्रव्ये वर येण्यास अडथळा होतो. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन अधिक, त्यामुळे पाणी अधिक खारे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि तळचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी किनाऱ्यापाशी वर चढते. त्यावर वनस्पतिप्लवकांना बहर येतो, आणि पावसाळा सरताच तारली-बांगड्यांचे थवे किनारा गाठतात. हिवाळ्यात हाच प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहतो. वाऱ्याबरोबर दिशा बदलणारे असे प्रवाह हे आपल्या समुद्राचे वैशिष्ट्य आहे.

मोहीम संपली की सारे पांगणार आणि शिकलेले हात रिकामे होणार, हा धोका उघड होता. त्यावरचा उपाय म्हणून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन केली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. आरंभी दिल्लीत असलेले संस्थेचे मुख्यालय १९६९ साली गोव्यास आले. प्रथम पणजीत मिरामार येथे आणि पुढे दोना पावलाच्या टेकडीवर. गोवा मुक्त होऊन तेव्हा पुरते दशकही लोटले नव्हते. कोचीनचे केंद्र संस्थेत विलीन झाले, मुंबईला शाखा निघाली. युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाचे अध्यक्षपदही पणिक्करांनी भूषविले.

एक शल्य मात्र राहिले. समुद्राच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या या संस्थेजवळ त्यांच्या संचालकपदाच्या काळात महासागरात जाणारे स्वतःचे जहाज नव्हते. नौदलाच्या ‘दर्शक’सारख्या नौकांवर उधार मिळालेल्या दिवसांत कामे उरकावी लागत. संस्थेचे पहिले मोठे जहाज ‘गवेषणी’ १९७६ साली आले. ते कलकत्त्याला गाळवाहू नौकेत फेरफार करून सिद्ध केलेले होते. पणिक्कर तोवर संचालकपदावरून निवृत्त झाले होते. संस्था आधी आणि जहाज मागाहून, हा क्रम उलटा वाटतो. पण जहाजाची वाट पाहत बसले असते, तर ते आले तेव्हा त्यावर चढणारी तयार माणसे मिळाली नसती.

१९७३ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. अखेरच्या वर्षांत ते कोचीन विद्यापीठाचे कुलगुरू होते. याच उत्तरकाळात टी. एम. श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी प्राचीन भारतातील भरती-ओहोटीच्या कल्पनांवर निबंध लिहिला. जुन्या ग्रंथांत चंद्र आणि सागर यांचा संबंध कसा मांडला आहे, याचा तो शोध होता. प्रयोगशाळेतल्या माणसाला पोथ्यांचेही अगत्य होते. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे त्यांचे काम थांबले नाही. डिसेंबर १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. तिचे नेते डॉ. एस. झेड. कासिम हे संस्थेत पणिक्करांचे उत्तराधिकारी होते. १९८३ साली ‘सागरकन्या’ आली. २००० साली गोव्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्यातला प्राणवायू मोठ्या क्षेत्रात जवळजवळ नाहीसा होतो आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापवर्धक वायू वातावरणात जातो. जमिनीवरची खते नद्यांवाटे समुद्रात पोहोचून ही स्थिती आणखी बिघडवीत आहेत, ही शंका तेव्हापासून गंभीरपणे घेतली जाते. डिसेंबर २०१५ मध्ये दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा आरंभ झाला तोही गोव्यातच, आणि ‘सागर निधी’ हे जहाज तेथूनच निघाले.

समुद्र बदलला की नाही, हे ठरवायचे तर तो पूर्वी कसा होता हे ठाऊक असावे लागते. साठ वर्षांपूर्वीच्या समुद्राची ती साक्ष कोचीनच्या बरण्यांत आणि नोंदवह्यांत जपली गेली. ज्यांनी ते नमुने गोळा केले, त्यांना आजचे प्रश्न ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी स्थळ, काळ आणि खोली अचूक लिहून ठेवली. ग्रंथालयेही हेच करीत आली आहेत. कोणता वाचक केव्हा येईल आणि काय मागेल हे ठाऊक नसताना ती पुस्तक नोंदवून फळीवर ठेवतात. शंभर वर्षे हे व्रत पाळणाऱ्या आपल्या ग्रंथालयाच्या उत्सवप्रसंगी, हेच व्रत समुद्राच्या बाबतीत आचरणाऱ्या या थोर शास्त्रज्ञास आदरपूर्वक अभिवादन.