मायक्रोफोन कोणाच्या हाती?

भारतात रेडिओवरून क्रिकेटचे धावते वर्णन करणारा पहिला गाजलेला आवाज म्हणजे ए. एफ. एस. तल्यारखान. लोक त्यांना बॉबी म्हणत. १८९७ साली पारशी कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरून पारशी विरुद्ध मुस्लिम हा चौरंगी सामना श्रोत्यांना ऐकवला. मैदान न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्यांनी सामना उभा केला. जेवण आणि चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर ते एकटेच बोलत. हा दम असामान्य होता, हे मान्य केलेच पाहिजे.

पण चळवळीतल्या माणसाला प्रश्न पडतो, हा मायक्रोफोन आला तेव्हा आपली माणसे कुठे होती? या स्पर्धेत संघ धर्मावर आणि वंशावर पडत. हिंदूंच्या संघातला थोर गोलंदाज पाळवणकर बाळू चर्मकार समाजाचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पुण्यात मात्र त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. त्याला कर्णधारपद कधीच दिले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला, म्हणून त्याच्यावरचा अन्याय खोटा ठरत नाही. रेडिओ आला तेव्हा बाळूची कारकीर्द संपली होती. त्याची गोलंदाजी कोणत्याही घरात ऐकू गेली नाही.

१९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ आला. आकाशवाणीने तीन समालोचकांनी आळीपाळीने बोलावे असे ठरवले. तल्यारखानांना मायक्रोफोन वाटून घेणे मंजूर नव्हते. ते बाजूला झाले. पुढे १९५४-५५ आणि १९७२-७३ साली ते दिवसाच्या खेळाचा आढावा घेण्यापुरते परतले. १९९० साली त्यांचे निधन झाले.

त्यांचा स्वाभिमान समजू शकतो, पण धडा वेगळा घ्यावा लागतो. १९२७ साली आमच्या शिवथरपासून जवळच महाडला बाबासाहेबांनी चवदार तळे सर्वांचे आहे हे सिद्ध केले. त्याआधी १९२० सालीच त्यांनी 'मूकनायक' काढून मुक्यांना आवाज दिला होता. पाणी काय, आवाज काय, दोन्ही सार्वजनिक मालमत्ता. त्यावर एकाची मक्तेदारी चालत नाही, मग तो एकटा कितीही गुणी असो. आज समालोचनाच्या खोलीत, वृत्तवाहिनीत, न्यायालयाच्या बाकावर आपली मुले किती आहेत, हे प्रत्येकाने मोजावे. गुणांची कमतरता बाळूच्या काळीही नव्हती. कमतरता होती ती जागेची, आणि जागा मागून नव्हे, संघटित होऊनच मिळते.

जय भीम!