घटनेचा टिपणकार : जेम्स मॅडिसन

अमेरिका म्हटले की वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन ही नावे चटकन ओठांवर येतात. जेम्स मॅडिसनचे नाव राज्यशास्त्राच्या तासाबाहेर सहसा कोणी काढत नाही. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, प्रकृती तोळामासा, आवाज बारीक. पण अमेरिकेची राज्यघटना घडवण्यात या माणसाचा वाटा सर्वांत मोठा.

१७५१ साली व्हर्जिनियातील एका सधन मळेवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. प्रिन्स्टनच्या कॉलेजात अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा करून तो पंचविशीतच राजकारणात पडला.

स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा तेरा राज्ये नावालाच एकत्र होती. डोक्यावर युद्धाचे कर्ज, आणि मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नाही! ती राज्यांकडे पैसे मागे, राज्ये टाळाटाळ करीत. मोठी बंदरे असलेली राज्ये शेजाऱ्यांच्या मालावर जकात घेत. न्यू जर्सीला तर दोन्ही बाजूंनी भुर्दंड पडे. नव्या घटनेची निकड अशी आधी बाजारात जाणवली, हे वाणिज्य शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना विशेष वाटते. १७८६ साली व्यापाराच्या प्रश्नावर अ‍ॅनापोलिसला परिषद भरली, तिला पाचच राज्यांचे प्रतिनिधी आले. तेथूनच पुढच्या वर्षीच्या फिलाडेल्फिया परिषदेची हाक गेली.

मॅडिसन तयारीनिशी आला होता. जेफर्सनने पॅरिसहून पाठवलेले ग्रंथ वाचून, जुनी संघराज्ये का मोडली याची टिपणे त्याने काढली होती. परिषदेची दारे बंद असत. तो अध्यक्षांसमोर बसून रोजचे कामकाज टिपून घेई. सगळेच त्याच्या मनासारखे झाले नाही. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार केंद्राला असावा हे त्याचे म्हणणे फेटाळले गेले. सेनेटमध्ये लहानमोठ्या राज्यांना सारख्याच जागा मिळाल्या, त्याही त्याच्या विरोधाला न जुमानता.

माणसाच्या चांगुलपणावर मात्र त्याने भिस्त ठेवली नाही. राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारू शकतो, पण काँग्रेस दोनतृतीयांश मतांनी तो नकार मोडू शकते. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षाने नेमायचा, पण सेनेटची संमती हवी. रोकड सांभाळणाऱ्यानेच वही लिहू नये, असे आम्हाला ऑडिटच्या तासाला शिकवतात, त्यातलाच हा प्रकार.

नागरिकांच्या हक्कांची सनद त्याला प्रथम अनावश्यक वाटली होती. पण व्हर्जिनियात घटना ८९ विरुद्ध ७९ अशा थोड्या मतांनी मंजूर झाली आणि विरोधकांची भीती त्याने ओळखली. १७८९ साली दुरुस्त्या त्यानेच मांडल्या. त्यांतील दहा १७९१ मध्ये अमलात आल्या.

पण याच माणसाच्या मळ्यावर शंभरावर गुलाम राबत होते. गुलामगिरी वाईट हे त्याला पटलेले होते, तरी मृत्युपत्रातही त्याने त्यांना मुक्त केले नाही. प्रतिनिधित्वासाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे ही मोजणी त्याच्या डोळ्यांदेखत घटनेत आली. आपल्याच तत्त्वाची वही त्याने येथे तपासली नाही, आणि हा दोष लहान म्हणता येत नाही.

१८०९ ते १८१७ तो राष्ट्राध्यक्ष होता; १८१४ मध्ये इंग्रजांनी राजधानी जाळली ती त्याच्याच कारकिर्दीत. १८३६ साली तो वारला. परिषदेची टिपणे १८४० मध्ये छापली गेली.

त्याची एक दुरुस्ती मात्र पडून होती : काँग्रेस सदस्यांची पगारवाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी. १९८२ साली टेक्सासमधील एका विद्यार्थ्याने तिच्यावर निबंध लिहिला. त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली. त्याने राज्याराज्यांत पत्रे धाडली, आणि १९९२ साली, दोनशेहून अधिक वर्षांनी, ती घटनेत आली.