लेखक वारला आणि महिन्याभराने केजीबी घरी आली : डायनासोर शोधणाऱ्या कादंबरीकाराची गोष्ट

४ नोव्हेंबर १९७२ ला मॉस्कोतल्या एका फ्लॅटमध्ये केजीबीची माणसं शिरली आणि झडती सुरू झाली. पुस्तकं, कागद, जुनी पत्रं, फोटो, सगळं उलथंपालथं झालं. तासामागून तास गेले तरी झडती संपेना. विशेष म्हणजे ज्यांच्या घराची झडती चालली होती, ते गृहस्थ महिन्याभरापूर्वीच, ५ ऑक्टोबरला वारले होते. घरात होत्या त्यांच्या पत्नी ताईसिया.

हे गृहस्थ म्हणजे इव्हान अँतोनोविच येफ्रेमोव्ह. स्टालिन पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ आणि सोव्हिएत तरुणांनी डोक्यावर घेतलेले विज्ञानकथाकार. सरकारचा इतका मान मिळालेल्या माणसाच्या घरी केजीबीला काय हवं होतं?

ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

येफ्रेमोव्ह यांचा जन्म १९०८ चा, सेंट पीटर्सबर्गजवळच्या व्यिरित्सा गावातला. वडील लाकडाचे व्यापारी. क्रांती आणि यादवी युद्धाच्या धामधुमीत आईवडील वेगळे झाले आणि पोरं नातेवाइकांकडे राहिली. ज्यांच्याकडे ठेवलं होतं त्या मावल्या. मग इव्हान रेड आर्मीच्या एका मोटार तुकडीसोबत राहू लागला. त्याच काळात एका तोफमाऱ्यात तो जखमी झाला आणि आयुष्यभरासाठी बोलण्यात किंचित तोतरेपणा राहून गेला.

१९२१ मध्ये सैन्यातून सुटल्यावर तो पेत्रोग्रादला आला. दिवसा लाकडं उतरवायची, गाडीवर मदतनीस म्हणून राबायचं आणि उरलेल्या वेळात शाळा, असं करत त्याने राहिलेलं शिक्षण भराभर संपवलं. मग जहाजावर जायचं खूळ डोक्यात शिरलं. परीक्षा देऊन तो खलाशी झाला, अतिपूर्वेच्या समुद्रात आणि कॅस्पियनवर हिंडला.

वळण आलं ते प्योत्र सुश्किन या शास्त्रज्ञामुळे. त्यांचं लेखन वाचून या पोराने त्यांना थेट पत्र लिहिलं. सुश्किन यांनी त्याला हाताशी धरलं, संग्रहालयात जीवाश्म साफ करायच्या कामाला लावलं. पदवी हातात नव्हती, ती बऱ्याच वर्षांनी बाहेरून परीक्षा देऊन मिळाली. त्याआधीच, १९२९ मध्ये, येफ्रेमोव्ह यांनी बेडकांच्या दूरच्या पूर्वजांपैकी एका नामशेष प्राण्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याच्या नावात गुरूचं नाव घातलं.

पुढची अनेक वर्षं उरल, मध्य आशिया, सायबेरिया अशी भटकंतीत गेली. उरलच्या परिसरात तांब्याच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणी होत्या. तिथल्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं सापडत. या कामातून त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला.

समजा, नदीकाठी एक जनावर मेलं. काही भाग लांडग्यांनी खाल्ला, काही उन्हात कुजला. पूर आला आणि उरलेली हाडं वाहून भलतीकडेच गाळात गाडली गेली. लाखो वर्षांनी कुणाला त्यातलं एखादं हाड सापडलं, तर ते जनावर तिथेच राहत होतं असं म्हणता येईल का? आणि ज्यांची हाडं गाळापर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांचं काय? म्हणजे खडकात काय सापडलं याच्याइतकंच काय टिकलं नाही आणि का टिकलं नाही, हेही अभ्यासायला हवं. १९४० मध्ये येफ्रेमोव्ह यांनी या अभ्यासाला टॅफोनॉमी असं नाव दिलं. यावरच्याच त्यांच्या ग्रंथाला १९५२ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं. हा शब्द आज जगभरात जीवाश्मशास्त्रातच नाही, तर पुरातत्त्वात आणि न्यायवैद्यकातही वापरला जातो.

१९४६ ते १९४९ दरम्यान त्यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत मोहिमा मंगोलियातल्या गोबी वाळवंटात गेल्या. अमेरिकनांनी १९२० च्या दशकात गोबीत डायनासोरची अंडी शोधून नाव कमावलं होतं, पण नेमेग्त हा भाग त्यांच्या हातून सुटला होता. सोव्हिएत पथकाला तिथे खजिनाच सापडला. टी-रेक्सचा आशियातला भाऊबंद म्हणावा असा टार्बोसॉरस तिथलाच. मॉस्कोच्या जीवाश्म संग्रहालयात आजही त्याचे सांगाडे बघायला मिळतात.

मग लेखन कुठून आलं? आजारपणातून. दुसऱ्या महायुद्धात संस्था पूर्वेकडे हलवली होती आणि १९४२ मध्ये येफ्रेमोव्ह तापाने अंथरुणाला खिळले होते. पडल्या पडल्या त्यांनी कथा लिहायला घेतल्या. १९४४ पासून त्या छापून येऊ लागल्या आणि वाचकांना एकदम आवडल्या, कारण त्यातला सायबेरिया, समुद्र, खाणी हे सगळं लेखकाने स्वतः पाहिलेलं होतं.

यातल्या दोन कथांबद्दल रशियात अजूनही बोललं जातं. एकीत सायबेरियात हिऱ्यांच्या खाणी सापडतात. १९५४ मध्ये लारिसा पोपुगायेवा या भूगर्भशास्त्रज्ञ बाईंनी याकुतियात खरोखरच हिरे असलेल्या खडकाची पहिली नळी शोधून काढली. याला भविष्यवाणी म्हणायचा मोह होतो, पण तसं नाही. तिथले खडक दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या प्रदेशासारखे आहेत, हे भूगर्भशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. येफ्रेमोव्ह यांनी त्याची गोष्ट केली. दुसऱ्या कथेत खडकावर उमटलेली प्राचीन काळाची प्रतिमा हवेत उभी राहते. ही कथा वाचलेल्या युरी देनिस्युक या भौतिकशास्त्रज्ञाने पुढे होलोग्राफीत मूलभूत काम केलं आणि त्याची प्रेरणा या कथेतून मिळाल्याचं मोकळेपणाने सांगितलं.

आपल्याकडे शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथा म्हटलं की डॉ. जयंत नारळीकर आठवतात. नारळीकरांनी संशोधन आणि कथा दोन्ही शेवटपर्यंत सांभाळलं. येफ्रेमोव्ह यांना मात्र तब्येतीमुळे १९५९ मध्ये संस्था सोडावी लागली. त्यानंतर ते पूर्णवेळ लेखकच झाले.

तोवर त्यांचं मोठं पुस्तक आलं होतं. 'अँड्रोमेडाचा तेजोमेघ'. अँड्रोमेडा म्हणजे आपली देवयानी. १९५७ च्या जानेवारीपासून ही कादंबरी एका तरुणांच्या मासिकात क्रमशः येऊ लागली आणि ती चालू असतानाच ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक आकाशात गेला. याहून चांगला मुहूर्त कुठला? त्याआधीच्या सोव्हिएत विज्ञानकथा उद्या-परवाच्या यंत्रांपलीकडे जायला बिचकत. येफ्रेमोव्ह यांनी थेट हजारो वर्षांपुढची पृथ्वी दाखवली. देश नाहीत, युद्धं नाहीत, दूरच्या ताऱ्यांवरच्या संस्कृती एकमेकींशी रेडिओ संदेशांनी बोलतात. यातल्या अंतराळयानाचं नाव 'तंत्र' आहे आणि एका नर्तिकेचं आडनाव नंदी.

भारताचं हे वेड पुढच्या 'वस्तऱ्याची धार' या कादंबरीत आणखी वाढलं. १९६३ च्या या कादंबरीचा मोठा भाग भारतातच घडतो. त्यात दयाराम नावाचा शिल्पकार, तिलोत्तमा नावाची नर्तिका आणि योगावर लांबलचक चर्चा आहेत. कधीकधी फारच लांबलचक, पात्रं भाषण देतायत असं वाटावं इतक्या. पण ज्या देशात योगाकडे संशयाने पाहिलं जायचं, तिथे हे पुस्तक मिळवायला लोक धडपडत होते.

आणि मग आला 'बैलाचा प्रहर'. मध्यरात्रीनंतरच्या गडद वेळेचं हे जुनं चिनी नाव. १९६८ पासून ही कादंबरी क्रमशः आली, १९७० मध्ये पुस्तक निघालं. सुखी पृथ्वीवरचं एक पथक फाय रोदिस या स्त्रीच्या नेतृत्वाखाली तोर्मान्स या ग्रहावर जातं. तिथे मूठभर सत्ताधाऱ्यांचं राज्य आहे, माहिती दडपलेली आहे, निसर्ग ओरबाडून संपवलाय आणि सामान्य माणसाने ठरलेल्या वयात मुकाट मरायचं असा नियम आहे. लेखकाने हा भांडवलशाहीचा आणि चीनचा आरसा म्हणून सादर केला. वाचणाऱ्यांना त्यात आपलंच घर दिसलं. केजीबीलाही दिसलं. सप्टेंबर १९७० मध्ये केजीबीप्रमुख युरी आंद्रोपोव्ह यांनी पक्षाच्या केंद्रीय समितीला कळवलं की काल्पनिक ग्रहाच्या आडून सोव्हिएत वास्तवाची बदनामी केली आहे. हेच आंद्रोपोव्ह पुढे देशाचे सर्वेसर्वा झाले. पुस्तक वाचनालयांतून गायब झालं. जे आरोप झाले, त्यात एक अडचण होती: तोर्मान्समध्ये सोव्हिएत देश दिसतो, हे आधी केजीबीलाच कबूल करावं लागलं.

दोन वर्षांनी लेखक वारले आणि झडती झाली. ताईसियाबाईंना नवऱ्याच्या अंगावर कुठल्या जखमा होत्या, असंही विचारलं गेलं. हे खरे येफ्रेमोव्ह नसून त्यांच्या जागी आलेला ब्रिटिश हेर आहे, असा संशय होता, हे पुढे बाहेर आलं. विज्ञानकथाकार अर्कादी स्त्रुगात्स्की यांनी तर तर्क लढवला होता की परग्रहवासीयांचे हेर शोधणारं कुणीतरी केजीबीत बसलं असावं!

तपासात काहीही निघालं नाही आणि तो १९७४ मध्ये बंद झाला. पण मधल्या काळात येफ्रेमोव्ह हे नाव छापायला बंदी होती. जीवाश्मशास्त्रातसुद्धा. टॅफोनॉमीवर बोलायचं, पण ती कुणाची हे सांगायचं नाही, अशी वेळ सहकाऱ्यांवर आली.

१९८३ मध्ये प्योत्र चुदिनोव्ह या त्यांच्या सहकाऱ्याने उरलकडच्या एका प्राचीन शिकारी प्राण्याला इव्हांतोसॉरस असं नाव दिलं. इव्हान आणि अँतोनोविच, दोन्ही त्यात आले. 'बैलाचा प्रहर' पुन्हा छापून यायला मात्र १९८८ उजाडावं लागलं.