'पॅप स्मिअर' टेस्टमधले 'पॅप' नेमके कोण?

नांदेड-लातूरच्या डॉक्टरांकडे 'पॅप स्मिअर' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची ही तपासणी. तिला नाव मिळालं जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्यावरून.

1883 मध्ये ग्रीसमधल्या किमी गावात ते जन्मले आणि डॉक्टर झाले. 1913 मध्ये पत्नी आंद्रोमाखींसह अमेरिकेला गेले. सुरुवातीला पोटासाठी त्यांनी गालिचे विकले, पत्नीने बटणं शिवली. पुढे न्यूयॉर्कमध्ये संशोधनाची नोकरी मिळाली.

गिनीपिगच्या योनीतल्या पेशी तपासता तपासता ते स्त्रियांच्या पेशींकडे वळले. पत्नीने वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. इतर स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांना कॅन्सरच्या पेशी दिसल्या. 1928 मध्ये त्यांनी हे मांडलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1941 मध्ये हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञासोबतचा शोधनिबंध आला आणि चित्र पालटलं. 1962 मध्ये पापानिकोलाऊ गेले.

त्यांच्या टेस्टला लॅब आणि पेशी ओळखणारे तज्ज्ञ लागतात. खेड्यात ते कुठून आणायचे? याचं उत्तर शोधायला 1999 पासून लातूरशेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात 1,31,746 महिलांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टमुळेही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

टेस्ट बदलली, तत्त्व पापानिकोलाऊंचंच राहिलं: त्रास सुरू होण्याआधीच आजार गाठायचा. म्हणून तिशीनंतर काहीही दुखत नसलं तरी तपासणी करायची.